सायकल आहे, रस्ता कुठंय?

सकाळी सहाची ट्युशन. जुन्या जालन्यातून निघायचं, कुंडलिकेचा पूल ओलांडायचा आणि नव्या जालन्यात पोचायचं. सायकलवर किती वेळ लागतो? फार तर पंधरा-वीस मिनिटं. पण घरातून आवाज येतोच, "सायकल नको नेऊ, ट्रक असतेत. बाबा सोडतील गाडीवर."

आईचं चुकत नाही. बस, रिक्षा, सळयांनी भरलेला ट्रक आणि आपण, सगळे एकाच पट्टीत. कडेला सरकावं तर खड्डा, नाहीतर कुणाची तरी उभी गाडी. मग सायकल जिन्याखाली धूळ खाते आणि लायसन्सच्या आधी हातात स्कूटी येते.

सायकल म्हणजे रविवारची हौस, असं अनेकांना वाटतं. हौस असावीच. पण एमआयडीसीत पाळीला जाणारा कामगार हौसेनं पायडल मारत नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, त्या शाळा सुटू नये म्हणून. सरकारनं सायकल दिली. ती सुखरूप चालवायला रस्ता कोण देणार?

नेदरलँड्सचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, "ते तिकडं असतं." तिकडंही ते आपोआप आलं नाही. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर ३,००० हून जास्त माणसं दगावली, त्यात ४०० हून जास्त मुलं होती. आईबाप आणि मुलं रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठं सरकार हललं.

जवळचं पुणं बघा. एकेकाळचं सायकलींचं शहर. तिथं ट्रॅक झाले, २०१७ मध्ये सायकल आराखडाही मंजूर झाला. तरी कित्येक ट्रॅक मध्येच तुटतात, कित्येकांवर गाड्या लागतात. म्हणजे नुसता रंगाचा पट्टा मारून भागत नाही. ट्रॅक सलग हवा आणि मोकळा राहायला हवा.

आपल्याकडं सुरुवात कुठून करायची? घाणेवाडीपासून! निजामकाळातल्या या तलावाचं पाणी विजेशिवाय, नुसत्या उतारानं नव्या जालन्यात येतं. म्हणजे जाताना हलका चढ, येताना उतार. सायकलसाठी यापेक्षा चांगली वाट कोणती? दुष्काळात याच तलावाचा गाळ काढायला जालनेकर पुढं आले होते. पाण्यासाठी गाव एक होतं, तर पोरांच्या जिवासाठी का नाही होणार?

ऊन फार, हे खरंय. म्हणून तर ट्रॅकच्या कडेला झाडं मागायची.

२०२३ मध्ये आपल्या नगरपालिकेची महापालिका झाली. आता मागणीही शहराला शोभेल अशी करू. शाळा सुटताना गेटवर अर्धा तास उभे राहा, सायकली मोजा. स्टेशन, गांधी चमन, पूल या वाटेवर कुठं भीती वाटते ते वहीत लिहा, फोटो काढा. दहा मित्रांच्या सह्या घ्या, अर्ज आवक-जावकला द्या आणि पोच मागायला विसरू नका. महिन्यानं पुन्हा जा.

तोवर जिन्याखालची सायकल बाहेर काढा, हवा भरा. रस्त्यावर सायकली दिसल्याच नाहीत, तर साहेब म्हणणारच, "चालवतंय कोण?"