विश्वाचा 'नाईट मोड': दीर्घिकांचे समूह कसे तोलतात, आणि आता अडलंय कुठे?

रात्री उशिराच्या लोकलने टिटवाळ्याला उतरलो की मी कधीकधी आकाशाचा फोटो काढतो. साध्या मोडमध्ये नुसते दाणे-दाणे दिसतात. नाईट मोड लावला की चित्र साफ. कारण फोन अनेक फ्रेम घेऊन एकावर एक जुळवतो. खरा प्रकाश प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी असतो, म्हणून तो टिकतो. नॉइज मात्र विरत जातो. याच युक्तीने शास्त्रज्ञ दीर्घिकांचे समूह, म्हणजे गॅलेक्सी क्लस्टर, तोलतात. पण मे 2025 मध्ये या कामाला मोठा धक्का बसला.

सगळ्यांच्या मागचा दिवा

बिग बँगनंतर सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांनी सुटलेला प्रकाश आजही चहूबाजूंनी आपल्यापर्यंत येतो. हाच कॉस्मिक मायक्रोवेव्ह बॅकग्राउंड, थोडक्यात सीएमबी. त्याचं तापमान सुमारे 2.7 केल्विन.

वाटेत एखादा क्लस्टर आला की त्याच्या गुरुत्वाकर्षणाने हा प्रकाश किंचित वाकतो. पावसात लोकलच्या काचेवरचा थेंब पलीकडच्या पाटीची अक्षरं वाकवतो ना, तसंच. अक्षरं किती वाकली यावरून थेंबाचा अंदाज येतो. क्लस्टरमधलं बहुतेक वस्तुमान डार्क मॅटर असतं, म्हणजे न दिसणारं. ते असं पकडता येतं.

एरवी यासाठी मागच्या दीर्घिकांचे वाकलेले आकार बघतात. पण क्लस्टरच फार दूर असेल तर त्याच्या मागच्या दीर्घिका खूप पुसट होतात. सीएमबी मात्र सगळ्यांच्याच मागे आहे.

एका फ्रेममध्ये काहीच दिसत नाही

एकेका क्लस्टरचा हा परिणाम नॉइजमध्ये बुडून जातो. म्हणून 2015 मध्ये साऊथ पोल टेलिस्कोपच्या टीमने 513 क्लस्टरचा डेटा एकत्र केला, तेव्हा कुठे खूण दिसली. क्लस्टरमधला तापलेला वायूही सीएमबीच्या तापमानात ढवळाढवळ करतो. त्यावर उपाय म्हणून 2019 मध्ये श्रीनिवासन रघुनाथन आणि सहकाऱ्यांनी प्रकाशाचं ध्रुवीकरण वापरून हेच मोजून दाखवलं. ध्रुवीकरणात वायूची लुडबुड कमी असते.

हा खटाटोप का? कोणत्या काळात किती वजनाचे किती क्लस्टर होते, यावरून डार्क एनर्जीचा हिशेब तपासता येतो. वजनच चुकलं तर पुढचं सगळं गणित चुकलं.

धक्का आणि आपण

याच कामाची पुढची मोठी झेप म्हणजे अमेरिकेचा सीएमबी-एस4 प्रकल्प. मे 2025 मध्ये तिथल्या ऊर्जा विभागाने आणि नॅशनल सायन्स फाउंडेशनने त्याचा पाठिंबा काढून घेतला. चिलीमधली सायमन्स ऑब्झर्व्हेटरी आहे, पण एस4 ची झेप त्याहून मोठी होती.

आपल्याकडे 2018 मध्येच 'सीएमबी-भारत' या गटाने इस्रोपुढे अवकाश मोहिमेचा प्रस्ताव ठेवला. पुण्याच्या आयुकात अनेक वर्षं सीएमबीवर काम केलेले तरुण सौरदीप त्यात पुढे होते. खरं सांगायचं तर ती मोहीम एस4 ची जागा घेणार नाही. बारीक तपशील टिपायला जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणीच लागतात. पण अवकाशातून अनेक फ्रिक्वेन्सींवर मोजता येतं आणि आपल्या आकाशगंगेच्या धुळीचा परिणाम वेगळा काढता येतो.

कोड लिहिणं हे माझं रोजचं काम. फ्रेम जुळवणारं सॉफ्टवेअर पुण्यात बसूनही लिहिता येईल, लोकलमध्ये सीट मिळाली तर तिथेही. पण मुळात फ्रेमच नसतील तर जुळवणार काय? दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर किती दिवस विसंबायचं, हे आता आपणच ठरवायचंय.