पंप उतरवण्याआधी टाकीचं झाकण उघडून पाहा



सोयाबीनचा हंगाम सुरू झाला की आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर एक चित्र हमखास दिसते. कट्ट्यांनी भरलेली पिकअप कडेला उभी आहे, बॉनेट वर आहे, चालक मोबाईलवर मिस्त्रीशी बोलतो आहे आणि मालाचा धनी घड्याळ पाहतो आहे. कारंजा असो, रिसोड असो की वाशिम, बाजारातला लिलाव कुणाच्या गाडीसाठी थांबत नाही. उशीर झाला की मुक्काम पडतो, खर्च वाढतो. त्यात रात्री पाऊस आला तर माल भिजतो आणि भिजलेल्या मालाचा भाव काय होतो हे तुम्हाला सांगायला नको. तेव्हा कृषी खात्याचा माणूस गाडीवर कसा काय लिहितो, असे कोणी म्हणू नये. वावरातून निघालेला माल बाजारात पोचेपर्यंत तो शेतीचाच विषय आहे.

सोयाबीनचे पान पिवळे पडले की आपण काय करतो? दुकानात जातो आणि मिळेल ते औषध मारतो. पान लोह कमी पडल्याने पिवळे होते, वावरात पाणी साचल्याने होते आणि पांढऱ्या माशीने आणलेल्या मोझॅकनेही होते. लक्षण एक, कारणे तीन, उपायही वेगवेगळे. चालती गाडी बंद पडणे हे असेच लक्षण आहे. पण तिथेही आपण औषध आधी मारतो. "पंप गेला असेल", "नोझल गेले असतील" असे कोणी म्हटले की पंप उतरतो, शहरात जातो, हजारो रुपये जातात आणि आठ दिवसांनी गाडी पुन्हा तशीच बंद पडते. माझे स्पष्ट मत आहे की कारण सापडल्याशिवाय महागडा पार्ट बदलू देऊ नये. आणि कारण शोधण्याचे निम्मे काम मिस्त्रीच्या आधी चालकाचेच आहे.

गाडी बंद पडली त्या घडीला चार गोष्टी पाहून ठेवा. आधी झटके मारून दम सोडला की दिवा विझावा तशी एकदम गेली? इंजिन थंड होते की तापलेले? टाकीत डिझेल किती होते, चढ होता की सपाट रस्ता? आणि पुन्हा चालू झाली ती लगेच की अर्ध्या तासाने? एवढे नीट सांगितले तर चांगल्या मिस्त्रीचे बरेच काम हलके होते.

गाडी झटके मारत, ताकद सोडत बंद पडली तर बहुतेक वेळा डिझेल नीट पोचत नसते. सगळ्यात स्वस्त तपासणी आधी करा. टाकीचे झाकण उघडा. "फुस्स" करून हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी चालू झाली, तर झाकणाचे किंवा टाकीचे हवेचे छिद्र धुळीने बुजले असण्याची दाट शक्यता आहे. डिझेल संपत जाते तशी त्याच्या जागी हवा आत यावी लागते. ती आली नाही की पंपाला डिझेल ओढता येत नाही. बुजलेले छिद्र साफ करायला पैसे लागत नाहीत.

त्यानंतर डिझेल फिल्टर. त्याच्या खालचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि पंधरा मिनिटे ठेवा. पाणी जड असल्याने तळाशी बसते, स्पष्ट दिसते. हे पाणी बऱ्याचदा घरच्या कॅनमधूनच येते. ट्रॅक्टरसाठी आणलेले डिझेल पावसाळाभर उघड्यावर ठेवायचे आणि अडीअडचणीला तेच पिकअपमध्ये ओतायचे, ही सवय सोडली पाहिजे. फिल्टर ठीक असेल तर पाईपचे जोड, क्लिपा आणि वॉशर पाहा. जोड सैल असला की डिझेल बाहेर दिसेलच असे नाही, पण हवा आत ओढली जाते. यालाच आपण "एअर घेतला" म्हणतो. नुसता एअर काढून गाडी चालू होते, मात्र हवा जिथून शिरली ती जागा सापडली नाही तर दुसऱ्या गावाजवळ पुन्हा उभी राहते.

एअर फिल्टरलाही विसरू नका. थ्रेशरजवळ गाडी लावली की कुटार आणि धूळ त्यात भरते. गाडी काळा धूर सोडते, दम धरत नाही.

गाडी एकदम बंद पडली तर आधी वायरिंगकडे वळा. बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंगची वायर, फ्यूज आणि रिले पाहा. काही जुन्या गाड्यांत पंपावरच्या सोलेनॉईडची वायर हलली तरी इंजिन थांबते. उंदीर वायर कुरतडतात हेही आपल्याकडे नवीन नाही. तापल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू, असे वारंवार होत असेल तर नव्या गाड्यांत क्रँक सेन्सरवर संशय घ्यावा.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियमाच्याच नव्या गाड्या विकल्या जातात. अशा कॉमन रेलच्या गाडीत कॉम्प्युटर असतो. बिघाडाची खूण त्यात साठते आणि ती स्कॅनर लावून वाचता येते. म्हणून इंजिनचा दिवा लागला असेल तर बॅटरीची वायर काढण्याआधी स्कॅन करून घ्या, नाहीतर काही वेळा ती खूण पुसली जाते. दुसरी गोष्ट जिवाची आहे. जुन्या गाडीत नोझलचा नट सैल करून एअर काढायची पद्धत होती. कॉमन रेलवर ती मुळीच वापरू नका. त्या पाईपात हजार किलोच्या वर दाब असतो. डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडले तर घाबरू नका, पण किल्ली काढू नका. किल्ली काढली की स्टिअरिंग लॉक होऊ शकते. स्टिअरिंग जड होते, तरी वळते. ब्रेक एक-दोनदाच नीट लागतो, म्हणून पंप मारल्यासारखा न दाबता एकदा दाबून धरा आणि गाडी डाव्या कडेला घ्या. चारही इंडिकेटर लावा, मागे त्रिकोण ठेवा. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि आपल्या जिल्ह्यातून वेगाची वाहने धावू लागली. तिथे उभ्या गाडीच्या मागे बसून चहा पिणे म्हणजे मरणाला बोलावणे आहे. माणसे कठड्याच्या पलीकडे थांबवा. साध्या रस्त्यावर खूण म्हणून दगड मांडले असतील तर निघताना ते उचला. आपली गाडी निघून जाते, दगड मात्र रात्री मोटारसायकलवाल्याच्या वाट्याला येतात. आणि मालगाडीत मागे मजूर बसवू नयेत, हे तर सांगून सांगून थकायला झाले.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना एक विनंती. बैलांना आपण वेळेवर लस टोचून घेतो. तसा दसऱ्याआधी एक दिवस गावातल्या पिकअप, टेम्पो आणि ट्रॅक्टर तपासणीला ठेवावा. ज्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड आहे तिथल्या निदेशकांना आणि मुलांना बोलवावे. पोरांना हात साफ करायला मिळेल आणि गाडीवाल्यांना फिल्टर, झाकण, जोड, वायर एवढे तरी पाहून मिळेल. याला मोठा निधी लागत नाही, ग्रामपंचायतीचे पटांगण पुरते.

गाडीमालकांनी डॅशबोर्डमध्ये एक वही ठेवावी. फिल्टर कधी बदलला, डिझेल कुठे भरले, गाडी कधी आणि कशी बंद पडली, हे तारखेनिशी लिहावे. मिस्त्रीने पार्ट बदला म्हटले तर ही वही त्याच्यापुढे धरावी आणि "कशावरून?" एवढे विचारावे. चांगला मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही.