कीर्द, खतावणी आणि उलटलेला बिट

२००३ च्या मे महिन्यात बेल्जियममध्ये संसदेची निवडणूक झाली. ब्रसेल्सच्या स्खारबेक भागात एका उमेदवाराच्या नावावर यंत्राने इतकी मतं दाखवली, की तेवढी पडणं नियमांनुसार शक्यच नव्हतं. फेरमोजणीत ४०९६ मतं जास्तीची निघाली. हा आकडा दोनाचा बारावा घात आहे. म्हणजे बाकी सगळं जागेवर आणि मेमरीतला एकच बिट शून्याचा एक झालेला. प्रोग्राममध्ये दोष सापडला नाही. अवकाशातून आलेल्या एखाद्या कणाचा हा प्रताप असावा, असा तर्क तेव्हापासून सांगितला जातो.

असं लाखात एकदा घडत असेल, असा आपला समज. गूगलच्या सर्व्हरांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात जवळजवळ दर तिसऱ्या यंत्रात मेमरीची निदान एक चूक नोंदली गेली होती. सर्व्हर त्यातून निभावतात, कारण त्यांच्या मेमरीत ६४ बिट माहितीमागे साधारणपणे ८ बिट पडताळणीचे ठेवलेले असतात. बेल लॅब्जच्या रिचर्ड हॅमिंगने १९५० मध्ये मांडलेल्या गणितावर हे चालतं. एक बिट बिघडला तर जागच्या जागी दुरुस्त, दोन बिघडले तर निदान बोभाटा तरी होतो. हीच ईसीसी मेमरी. तुमच्या-माझ्या लॅपटॉपमध्ये ती बहुधा नसते. का नाही म्हणून विचारलं, तर ठरलेलं उत्तर मिळतं: संथ असते, वीज जास्त खाते, महाग पडते. यातली पहिली दोन कारणं आता फारशी टिकत नाहीत, असं माझं मत आहे. त्याचं श्रेय बफर नावाच्या एका साध्या सोयीला जातं.

संथपणाचं मूळ मात्र खोटं नाही. पडताळणीचे ८ बिट सबंध ६४ बिटांवरून काढलेले असतात. त्यातला एकच बाइट बदलायचा असेल, तर उरलेले सात आधी वाचा, नवी पडताळणी काढा आणि सगळं परत लिहा. एका छोट्या लेखनासाठी एक वाचन आणि एक लेखन. वेळही दुप्पट, वीजही. जुने दुकानदार अशाच कटकटीवर उपाय म्हणून कीर्द ठेवत. दिवसभराचे व्यवहार कीर्दीत टिपायचे आणि संध्याकाळी खतावणीत त्या-त्या खात्यावर एकदम चढवायचे, म्हणजे प्रत्येक चहापाण्याच्या खर्चाला खात्याची बाकी पुन्हा काढावी लागत नाही. बफर हेच करतो. शेजारशेजारच्या पत्त्यांवरची लेखनं थोडा वेळ धरून ठेवतो, आठही बाइट जमले की पडताळणी एकदाच काढतो, आणि आधीचं वाचन मुळातच टळतं. वाहनांच्या नियंत्रणात वापरतात त्या आर्मच्या कॉर्टेक्स-आर मालिकेतल्या प्रोसेसरांत असा स्टोअर बफर असतो. मोठ्या प्रोसेसरांत हे काम कॅशच करून टाकते, कारण ती मेमरीकडे ६४ बाइटांची अख्खी ओळ पाठवते.

पुढे मेमरी कंट्रोलरमध्ये लेखनांची आणखी एक रांग असते. वाचनाकडून लेखनाकडे वळताना तारांवरची दिशा बदलावी लागते आणि त्यात घड्याळाची काही चक्रं वाया जातात. म्हणून लेखनं साठवून एका दमात उरकतात. मेमरीतल्या पेशींच्याही रांगा असतात; लेखनं पेशींच्या एकाच रांगेतली असली तर ती रांग एकदाच उघडावी लागते. डीरॅममध्ये, म्हणजे या मुख्य मेमरीत, पेशींची रांग उघडण्याला बरीच वीज लागते, तेव्हा बचत इथेच होते.

पण बफर म्हणजे जादू नव्हे, आणि याचा धडा इंटेलने स्वखर्चाने गिरवला. सर्व्हरला मेमरीच्या पट्ट्या खूप लागतात. एकाच तारेवर जितक्या पट्ट्या लावाल, तितका विजेचा भार वाढतो आणि वेग उतरतो. २००६ च्या सुमाराला इंटेलने ‘फुली बफर्ड’ पट्ट्या आणल्या. प्रत्येक पट्टीवर एक बडी चिप, आणि माहिती, आज्ञा, पत्ते असं सगळं तिच्यातूनच जायचं. एका पट्टीकडून दुसरीकडे अशी साखळी. कागदावर फारच देखणी योजना. प्रत्यक्षात ती चिप एकटीच पाच वॅटच्या आसपास वीज खायची आणि साखळीतल्या दर टप्प्याला उशीर वाढायचा. त्या वर्षीच्या मॅक प्रोमधल्या पट्ट्यांवर धातूचे जाडजूड उष्णताशोषक बसवावे लागले होते. तीनेक वर्षांत इंटेलच्या नव्या सर्व्हर प्रोसेसरांनी हा मार्ग सोडला.

पर्याय साधाच होता. रजिस्टर्ड पट्टीत मधली चिप फक्त आज्ञा आणि पत्ते सांभाळते, माहिती थेट जाते. उशीर होतो तो घड्याळाच्या एका चक्राचा. ही चिप आज्ञांची पॅरिटीही तपासते, म्हणजे आज्ञाच वाटेत बिघडली तर ती पकडली जाते. एमआरडीआयएमएम या नव्या जातीत बफर पट्टीवरच्या चिप्सच्या दोन गटांकडून एकाच वेळी माहिती घेतो आणि दुप्पट वेगाने पुढे सोडतो. इंटेलच्या २०२४ मधल्या झिऑन ६ प्रोसेसरांवर साध्या पट्ट्या सेकंदाला ६४०० दशलक्ष हस्तांतरणांनी चालतात, या ८८०० ने. हा बफरही वीज खातो, पण तेवढ्यात काम जास्त उरकतो.

आता राहिली किंमत. इथे ग्राहकाची बाजू घेताना थोडं अडखळायला होतं. डीडीआर४ पिढीच्या मेमरीत आठ चिप्सच्या पट्टीला ईसीसीसाठी नववी चिप पुरत असे. डीडीआर५ मध्ये पट्टीच्या दोन उपवाहिन्या झाल्या आणि प्रत्येकीला वेगळी पडताळणी लागू लागली, त्यामुळे आठाच्या सहसा दहा होतात. या खर्चावर कोणत्याही बफरचा इलाज नाही. डीडीआर५ च्या प्रत्येक चिपमध्ये आतल्या आत दुरुस्तीची सोय असते, आणि जाहिराती तिलाच ईसीसी म्हणून मिरवतात. ती चिपच्या आतल्या चुका सुधारते. चिप ते प्रोसेसर या वाटेवर काही बिघडलं, तर तिला पत्ताही लागत नाही.

दोन चिप्सचे पैसे घ्या, माझी हरकत नाही. हरकत आहे ती सोय असून कुलूप लावण्याला. लिनक्सच्या लिनस टोरवाल्ड्सने २०२१ च्या जानेवारीत इंटेलवर याच मुद्द्यावरून आग पाखडली होती. त्याच वर्षाअखेर आलेल्या बाराव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत इंटेलने ईसीसी दिली खरी, पण वर्कस्टेशनचा डब्ल्यू६८० चिपसेट असलेला मदरबोर्ड घेतला तरच. एएमडीच्या रायझनमध्ये बहुतेक ठिकाणी ती प्रोसेसरातच असते, चालू ठेवायची की नाही ते मदरबोर्ड बनवणारा ठरवतो. घरी फोटो आणि कागदपत्रं साठवायला यंत्र जुळवत असाल, तर दुकानदाराला आधी मदरबोर्डचं मॉडेल विचारा, पट्टीचं नंतर.