वर्गणी काढून वाचवलेला गुत्ता

गुत्त्याचं नाव आपल्याकडे घरंदाज माणूस चारचौघांत काढत नाही. त्याच्या पायी किती संसार उघड्यावर आले हे कुणाला नव्यानं सांगायला नको. महाराष्ट्रात तर कितीतरी गावांतल्या बायकांनी 'उभी बाटली, आडवी बाटली' असं मतदान घडवून दारूची दुकानं बंद पाडली. मग बंद पडलेला गुत्ता उघडावा म्हणून एखाद्या गावानं चक्क पैसे गोळा केले, असं कुणी सांगितलं तर?

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात, स्वेल नदीच्या खोऱ्यात हडस्वेल नावाचं चिमुकलं खेडं आहे. तिथला 'जॉर्ज अँड ड्रॅगन' हा पब २००८ साली बंद पडला आणि गाव हळहळलं. दारू मिळत नाही, म्हणून नव्हे. ती शहरातल्या दुकानात स्वस्त मिळते. गावाची बसायची जागा गेली होती.

पब म्हणजे 'पब्लिक हाऊस', सगळ्यांचं घर. इंग्लंडच्या खेड्यात चर्च सोडलं, तर पाच-पन्नास माणसं मावतील अशी जागा बहुधा हीच असायची. १५५२ सालापासून तो चालवायला न्यायाधीशांचा परवाना लागू लागला. पण तिथं नुसती दारूच विकली जात होती असं नाही. जमीनदार तिथं बसून खंड वसूल करत, लिलाव होत. कुणी अपघातात दगावला, तर मृत्यूची चौकशी तिथंच भरे! आजारपणाला आणि अंत्यविधीला पैसे कमी पडू नयेत म्हणून मजूर दर महिन्याला नाणी टाकत, त्या मंडळांच्या बैठकाही पबमध्येच होत. आपल्या चावडीचं नि पाराचं काम हे घर करत होतं.

दुसरी बाजूही होतीच. मजुरांचा पगार पबमध्ये वाटायची पद्धत होती. त्यातला किती घरी पोचत असेल? अखेर १८८३ साली कायद्यानं ती बंद करावी लागली. आणि 'सगळ्यांच्या घरात' बाईमाणूस पुष्कळ ठिकाणी नकोसंच असे. बाई आहे म्हणून तिला नाकारायची सोय गेली ती १९७५च्या कायद्यानं.

याच खोऱ्याच्या माथ्यावर, ओसाड माळावर 'टॅन हिल इन' उभा आहे. उंची १,७३२ फूट, ब्रिटनमधला सर्वांत उंचावरचा पब. एकेकाळी तिथं आसपासच्या कोळसा खाणींतले कामगार येत. नोव्हेंबर २०२१मध्ये एका शुक्रवारी रात्री गाणी ऐकायला आलेले ६१ लोक बर्फाच्या वादळात तिथं अडकले. तीन रात्री ते तिथंच जेवले, गायले, जमिनीवर गाद्या टाकून झोपले. सोमवारी रस्ते मोकळे झाले, तेव्हा कुठे मंडळी घरी परतली.

असे पब ब्रिटनमध्ये एकामागून एक बंद पडत आलेत. बाजारातली स्वस्त बिअर, जागेला घरं बांधण्यासाठी मिळणारी किंमत, अशी कारणं अनेक. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावानं २००३ साली सहकारी संस्था काढून आपला पब विकत घेतला होता. हडस्वेलनं तीच वाट धरली. गावकऱ्यांनी भाग घेतले, २०१० साली इमारत गावाची झाली. पब चालवायला भाडेकरू ठेवला. पुढे २०११ साली कायदाही मदतीला आला. गावाच्या उपयोगाची म्हणून नोंदलेली वास्तू मालकानं विकायला काढली, तर पैसे जमवायला गावाला सहा महिन्यांची सवड मिळू लागली.

हडस्वेलकरांनी मात्र नुसता पब उघडला नाही. आत छोटं वाचनालय थाटलं. किराणा नि पावासाठी एक इवलंसं दुकान काढलं, ते गावकरी आळीपाळीनं, बिनपगारी सांभाळू लागले. मागच्या जमिनीत भाजीपाल्याचे वाफे पाडून लोकांना वाटून दिले. म्हणजे पेल्याला हातही न लावणाऱ्याला तिथं काम निघू लागलं. आपल्याकडच्या गुत्त्यात असं कारण काढून कोण जाईल? बिअरशौकिनांच्या 'कॅमरा' या संघटनेनं २०१६ सालचा देशातला सर्वोत्तम पब निवडला तो हाच, गावानं सहा वर्षांपूर्वी विकत घेतलेला.