चालत्या गाडीचा आवाज

तिरोड्याहून बोदलकसा जलाशयाकडे आम्ही सहकुटुंब निघालो होतो. निघण्यापूर्वीच एक चाक पंक्चर निघाले. दुकानात ते काढून, दुरुस्त करून पुन्हा बसवून घेतले. जंगलाचा रस्ता लागला आणि मागून ठक-ठक सुरू झाली. "जेवणाचे डबे वाजत असतील," घरची मंडळी म्हणाली. पोरे गाण्यात दंग.

आम्ही वेग कमी केला, ठक-ठकही मंदावली. क्लच दाबून इंजिन हळू केले, तरी ती चालूच. म्हणजे दोष इंजिनात नव्हे, चाकात! गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि पाहिले तर त्याच चाकाचे चारही नट सैल. आणखी थोडे गेलो असतो तर चाक निखळले असते. पान्याने समोरासमोरचे नट आळीपाळीने कसले, सावकाश तिरोड्याला परतलो व चाक नीट तपासून घेतले.

वाचकहो, एवढे ध्यानात ठेवा. वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं बहुधा बेअरिंगची. वळताना होणारी कट-कट ॲक्सलच्या जॉइंटची. ब्रेक दाबताच येणारी किरकिर झिजलेल्या पॅडची. उभ्या गाडीतही वाजत असेल तर इंजिन किंवा पट्टा पाहावा. चाक बसवल्यावर नट समोर कसून घ्यावेत, 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

भाड्याच्या जीपमध्ये असलात तरी "भाऊ, जरा थांबवा" म्हणायला लाजू नका. आत आपलीच लेकरे बसलेली असतात.