तीर्थपुरीत कायमस्वरूपी छोटे कलादालन मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपंचायत तीर्थपुरी,
ता. घनसावंगी, जि. जालना.

विषय : चित्रप्रदर्शनांसाठी नगरपंचायतीच्या ताब्यातील एक खोली कायमस्वरूपी राखून ठेवणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे तीर्थपुरी व परिसरातील चित्रकार, कलाशिक्षक आणि पालक आपणांस सविनय निवेदन करतो की, आमची मागणी नवीन इमारतीची नाही. एक कोरडी खोली, चित्रे टांगता येतील अशा भिंती, बेताचा उजेड आणि तारखांची एक वही, एवढेच आम्हाला हवे आहे.

परिसरातील मुले दरवर्षी एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसतात. श्रेणी मिळते, दहावीला वाढीव गुणही मिळतात आणि चित्रे माळ्यावर जातात. प्रदर्शन भरवायचे तर मागून आणलेला हॉल, बाकांवर मांडलेली चित्रे आणि रंगासकट कागद ओरबाडणारी चिकटपट्टी. उद्घाटनाला फीत कापणारे पाहुणे सहज मिळतात; भिंतीत खिळा ठोकायची परवानगी मात्र मिळत नाही. दुसऱ्या दिवशी हॉल लग्नाला दिलेला असतो.

चांगले काम पाहायचे तर छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई गाठावी लागते. जहांगीर कलादालन 1952 पासून आहे, पण तिथली तारीख मिळायलाच वर्षे जातात. शेतमजुराच्या मुलीने तोवर काय करावे?

लहान गावाला कलादालन कशाला, असे कोणी विचारील. औंध हे सातारा जिल्ह्यातले लहानसे गाव. भवानराव पंतप्रतिनिधींनी तिथे 1938 साली श्री भवानी चित्रसंग्रहालय उभे केले. ते राजे होते, हे मान्य. पण कुडाळजवळच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यातच चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचे संग्रहालय मांडले. त्यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. गोठा चालतो, तर नगरपंचायतीची खोली का चालणार नाही?

खोली देताना काही गोष्टी सुरुवातीलाच पाहाव्यात, नंतर त्या होत नाहीत. दार-खिडकीसमोरच्या भिंतीवर काचेची चौकट लावली की चित्राऐवजी खिडकीच दिसते. म्हणून उजेड वरून, तिरपा पडावा. छताखाली लोखंडी पट्टी बसवून तारेने चित्रे टांगली, तर भिंत शाबूत राहते आणि चित्र लहान-मोठ्यांच्या नजरेच्या उंचीला आणता येते. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत तर नकोच. जलरंगाच्या कागदावर एकदा बुरशी चढली की ते काम गेले. ऊस वाहतुकीच्या दिवसांत धूळ फार, तेव्हा खोली हमरस्त्यापासून थोडी आत असलेली बरी.

दालन आठवडी बाजाराच्या दिवशी उघडे असावे, ही आमची आग्रहाची विनंती आहे. आसपासच्या गावांतली माणसे त्याच दिवशी तीर्थपुरीत येतात. केवळ कचेरीच्या वेळेत उघडणाऱ्या दालनात ती कधीच पोहोचणार नाहीत. प्रवेश विनामूल्य असावा. विद्यार्थ्यांकडून भाडे घेऊ नये आणि विकल्या गेलेल्या चित्राची रक्कम पूर्णपणे चित्रकाराला मिळावी. तारखा अर्जांच्या क्रमाने द्याव्यात. वही सर्वांना पाहता यावी. वशिल्याची तक्रार पुढे ऐकण्यापेक्षा हे सोपे. चित्रे लावणे-उतरवणे, राखण आणि झाडलोट आम्ही आळीपाळीने करू. वीजबिल व किरकोळ दुरुस्ती नगरपंचायतीने पाहावी.

74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना देणे हा विषय नागरी संस्थांकडे दिलेला आहे. त्यामुळे या छोट्या खर्चाची तरतूद येत्या अर्थसंकल्पात करण्यास अडचण नसावी.

तरी हा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवून, खोलीची पाहणी आमच्यातील दोन कलाशिक्षकांसमवेत करावी आणि झालेला निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
तीर्थपुरी व परिसरातील चित्रकार, कलाशिक्षक व पालक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीस्तव : मा. जिल्हाधिकारी, जालना.