भोंग्याला कमी लेखू नका

सोलापुरात चांगला स्पीकर कोणता असं विचारलं, तर दुकानदार छातीत धडधडणारा पुढं करतो. मिरवणुकांचं गाव आमचं. हॅम रेडिओ, म्हणजे हौशी बिनतारी संच, ऐकणाऱ्याला मात्र तो बेसच नडतो.

सकाळी चाळीस मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या वर, देशभरातल्या हॅम मंडळींच्या गप्पा रंगलेल्या असतात. सिंगल साइडबँड या प्रक्षेपण पद्धतीतलं हे बोलणं साधारण ३०० ते २७०० हर्ट्झ एवढ्या फटीतून येतं. आवाजाचा जोर स्वरांत असतो, पण शब्द कळतो तो व्यंजनांवरून. मोठा वूफर स्वर घुमवतो आणि व्यंजनं बुडवतो. ट्वीटरचाही उपयोग नाही; ‘स’चं बरंचसं तेज ४००० हर्ट्झच्या वर असतं, तिथवर हा पट्टा पोचतच नाही. ट्वीटरमधून मिळते ती नुसती सुसू. ‘स’ असा हरवतो म्हणूनच ‘एस’ला ‘सिएरा’ आणि ‘एफ’ला ‘फॉक्सट्रॉट’ म्हणायची पद्धत आहे.

सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेत हरवलेल्या पोराचं नाव-गाव गर्दीपलीकडं समजतं ते भोंग्यामुळं. खालचे सूर त्याला झेपत नाहीत, मधले तो लांब फेकतो. गाण्याला भिकार, निरोपाला पक्का! १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हॅम मंडळींनी बिनतारी निरोप पोचवले. अशा वेळी गावाचं नाव चुकीचं ऐकून कसं चालेल?

घरात भोंगा कर्कश होतो, हे कबूल. मग चार इंची, कागदी कोनचा, आठ ओहमचा साधा स्पीकर घ्यावा. जुन्या टीव्हीतला निघाला तर उत्तमच, पण ओहम बघून. तो उघडा ठेवू नये. छोट्या लाकडी पेटीत बसवावा आणि आत जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा कोंबावा, म्हणजे पेटी घुमत नाही. पेटीचं तोंड कानाकडं हवं. बऱ्याच रेडिओ सेटचा स्पीकर वरच्या झाकणात असतो आणि छताला बातम्या सांगत बसतो. कॉम्प्युटरचे स्पीकर मला पटत नाहीत. आपण बोलायला लागलो की आपलाच सिग्नल त्यांच्या वायरीत शिरून गुरगुरतो.

आणि पैसे मोजण्याआधी घरातले एलईडी दिवे नि मोबाइलचे चार्जर एकेक करून बंद करून पाहा. खरखर त्यांची असेल, तर कुठलाही स्पीकर ती इमानदारीत ऐकवणारच.